बुडाली खतं, तरल्या वह्या

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त जगद्गुरू तुकोबारायांविषयी चार शब्द लिहावेत असं मंडळींनी आम्हाला सांगितले. महाराजांचं सगळं चरित्र एवढ्या जागेत मावणार नाही, म्हणून एकच धागा धरून लिहितो. देवाने आपल्यावर मागे काय काय उपकार केले ते माणूस विसरतो. ते विसरलं की श्रद्धा वाळत जाते, विहिरीचा झरा बुजल्यावर पाणी आटतं तशी. महाराजांनी ही आठवण कशी जपली, ते बघायचं आहे.

देहू गाव इंद्रायणीच्या काठी. महाराजांचं कुळ मोरे, आडनाव आंबिले. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा मोठे वारकरी होते. ते पंढरीची वारी कधी चुकवीत नसत. त्यांची ती निष्ठा बघून देवच देहूला आला, असं परंपरेत सांगतात. त्यांना स्वप्नात दृष्टांत झाला, आंब्याच्या बनात विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती सापडल्या आणि बाबांनी राऊळ बांधलं. म्हणजे बघा, या घराची वडिलार्जित इस्टेट कोणती? शेती होती, महाजनकी होती, वाण्याचं दुकान आणि सावकारी होती. पण खरी इस्टेट ही की देव आपल्या दारी चालत आला, ही आठवण.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी विरक्त वृत्तीचे, धाकटे कान्होबा लहान. त्यामुळे कोवळ्या वयातच प्रपंचाचं ओझं तुकोबारायांवर पडलं. सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं. मग आईवडील गेले. भावजय वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यात सन १६२९-३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरवली, धान्य मिळेना, गुरं खुंट्यावर मेली. व्यापार बसला, दिवाळं निघालं. पहिली बायको रखुमाबाई, तिला आधीच दम्याचा आजार होता, ती अन्न अन्न करीत गेली. लेकरू संतू तेही गेलं. दुकानात धान्य मोजणाऱ्याच्या घरात माणूस उपाशी मेलं. यापेक्षा मोठं दुःख कोणतं?

आता इथे आपण सगळे थांबतो आणि घाईने सांगतो की महाराजांना वैराग्य आलं. पण तसं एका दिवसात झालं नाही. त्यांना लाज वाटली, ते दुःखाने त्रासून गेले. संतमंडळींनी विचारलं तेव्हा त्यांनी आपली हकीकत अभंगातून सांगितली, त्यात त्यांनी हे काही लपवलं नाही. दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पीडा दिली ती बरी झाली, असं त्यांनी म्हटलं आहे खरं. पण ते मागे वळून बघताना म्हटलं. संकटाच्या दिवशी देवाचा उपकार दिसत नाही. तो नंतर दिसतो, आणि त्यासाठी मागे वळून बघावं लागतं. जो मागे बघतच नाही त्याला तो कधीच दिसणार नाही. म्हणून कुणाच्या घरी मयत झाली असता तिथे जाऊन, देवाने केलं ते बरंच केलं, असं कुणी बोलू नये. महाराज स्वतःविषयी बोलले, दुसऱ्याच्या दुःखाविषयी नाही.

मग त्यांनी केलं काय? पहिलं काम म्हणजे वडिलांचं देऊळ मोडकळीला आलं होतं ते नीट केलं. घरात दाणा नाही, बाजारात पत नाही, आणि हा माणूस पडकं देऊळ उभं करतो. लोक हसले असतील. पण जिथे देवाने आपल्या घरावर कृपा केली ती जागाच ढासळली तर आठवण कुठे राहणार? दुसरं काम म्हणजे संतांची वचनं पाठ केली. सुरुवातीला कीर्तनात आपलं चित्त लागत नव्हतं, हेही त्यांनीच सांगितलं आहे. म्हणून विश्वास धरून, आदराने त्यांनी मागच्या संतांचं बोलणं तोंडपाठ केलं. भामनाथ, भंडारा, घोराडा या डोंगरांवर बसून ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, कबीर यांचा अभ्यास केला. प्रल्हादाला कुणी राखलं, गजेंद्राला कुणी सोडवलं, द्रौपदीची लाज कुणी राखली, हे पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. आपली स्वतःची शिदोरी संपते तेव्हा माणसाने मागच्यांच्या शिदोरीवर दिवस काढावेत.

तिसरं काम मोठं अवघड. सावकारीची खतं घरात होती. धाकट्या भावाचा हक्क त्यांनी बुडवला नाही. कान्होबाचा निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली. लोकांनी आपल्याला काय देणं आहे, हा हिशोब त्या दिवशी संपला.

पुढे बाबाजी चैतन्यांची स्वप्नात कृपा झाली. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि अभंग करायला सांगितले. महाराज बोलू लागले. चाकणचे संताजी जगनाडे, गंगाराम मवाळ हे टाळकरी, त्यांनी लिहून ठेवलं. वह्या भरल्या. आमच्या मते ही दुसरी खतावणीच होती. पहिलीत लोकांकडून आपलं येणं लिहिलेलं होतं. दुसरीत देवाचं आपल्यावर असलेलं देणं लिहिलेलं होतं.

या वह्यांवर संकट आलं. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी आक्षेप घेतला आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. लोकांनी बोल लावले की आधी खतं बुडवून प्रपंच बुडवला, आता परमार्थही बुडवला. महाराज नदीकाठी शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले. घरी जिजाई, लेकरं. त्या माउलीवर काय गेलं असेल!

त्या तेरा दिवसांत महाराजांनी देवाला पुष्कळ बोल लावले. तू आहेस की नाहीस इथपर्यंत गोष्ट आली. ज्याने देऊळ उभारलं, ज्याने सगळी कृपा वहीत लिहून ठेवली, त्यालाही वहीसकट आठवण पाण्यात गेल्यासारखं झालं. मग देव बाळरूपाने आला, त्याने समाधान केलं, आणि वह्या कोरड्या वर आल्या.

आपण कीर्तनात इथे टाळ्या घेतो. पण महाराजांनी त्या वेळी जे अभंग केले ते वाचून बघा. त्यात आनंदापेक्षा खंत जास्त आहे. मी मोठा अपराध केला, तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यासाठी तुला कष्ट दिले, असा त्यांचा भाव आहे. एवढं सगळं देवाने आधी केलेलं असताना पुन्हा परीक्षा घेतली, हे त्यांना लागलं. वह्या तरल्याचा गर्व नाही, उलट डोळ्यांत पाणी.

एकाच नदीत दोनदा कागद गेले. लोकांकडच्या येण्याची खतं गेली ती कायमची गेली, महाराजांनी मागे वळून बघितलं नाही. देवाच्या उपकाराच्या वह्या गेल्या त्या देवाने वर आणल्या. आपलं बरोबर उलटं असतं. भावकीने वाटणीत फूटभर बांध कोरला ते तीस वर्षं ध्यानात राहतं, आणि बुडता संसार कुणी तारला ते सुगी संपायच्या आत विसरतो. महाराजांनी माणसांचा अपकारही धरला नाही. ते रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले, आणि आरतीही त्यांनीच रचली.

फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. मागे धाकटे चिरंजीव नारायणबाबा, बाप गेल्यावर जन्मलेले. ज्याने बापाचं तोंड पाहिलं नाही त्याने बापाची आठवण खांद्यावर घेतली. सन १६८५ मध्ये त्यांनी तुकोबारायांच्या आणि माउलींच्या पादुका पालखीत घालून पंढरीला नेल्या. ज्ञानोबा-तुकाराम हे भजन तिथून वाटेवर आलं. आपली दिंडी त्याच वाटेवर शंभर वर्षं चालते आहे.

मंडळी, वारी म्हणजे आठवणच आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आपल्यात आहेत. लाल मिलो ज्वारीची भाकरी, खडी फोडायची कामं, सुकडी. तेव्हा एका पावसासाठी सगळ्या गावाने देव पाण्यात घातले. पाऊस आला. आज बोअरला पाणी कमी झालं की, देवाने आमच्यासाठी काय केलं, असं लगेच म्हणतो. २०२० साली रोगाच्या साथीत पायी वारी राहिली, पादुका एसटीने गेल्या, तेव्हा घरात बसून रडलो. दुसऱ्या वर्षीही तेच. मग वाट पुन्हा मोकळी झाली, आणि लगेच मुक्कामाला जागा कमी पडली म्हणून भांडणं सुरू.

म्हणून एक विनंती. दिंडीत मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर एका म्हाताऱ्या माणसाने उठावं आणि देवाने आपल्याला कधी सांभाळलं ती एक गोष्ट सांगावी. चमत्कार नको. पोरीचं लग्न निभावलं, आजारातून उठलो, कर्जातून सुटलो, एवढं पुरे. पोरांनी ते वहीत लिहावं. या शंभर वर्षांत असं सांगणारे किती जण गेले आणि त्यांच्याबरोबर गोष्टीही गेल्या. राहिलेल्या तरी जाऊ देऊ नका. पुढे कुणावर तेरा दिवसांची वेळ आली, तर ही वही त्याला शिळेवर आधार देईल.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.