वासुदेव बळवंत फडके
वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण - १७ फेब्रुवारी १८८३, एडन) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे क्रांतिकारक होते. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत असताना त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे दांडपट्टा व नेमबाजी शिकून घेतली. रजा नाकारली गेल्याने आईची अखेरची भेट हुकली. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांचा निश्चय पक्का झाला.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. खेड्यापाड्यांत तेव्हा मुख्यतः ठासणीच्या बंदुका असत. काळी दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. बार उडाल्यावर उरलेले किटण ओलावा शोषून नळी गंजवी. म्हणून ती पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावणे अटळ असे. रानोमाळ फिरणाऱ्या बंडखोरांना ही निगा राखणे अवघडच. शिवाय सरकारी फौजेकडे मागून भरावयाच्या जलद बंदुका आल्या होत्या.

फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथून लुटीस आरंभ झाला. रामोशी साथीदार, विशेषतः दौलतराव नाईक, हा बंडाचा खरा कणा होता, याचा उल्लेख पुरेसा होत नाही. मे महिन्यात दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये विजापूर भागात फडके पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला नेल्यावर ते तुरुंगातून निसटले, पण पुन्हा सापडले व तेथेच मरण पावले.