सहा कामट्यांचा कारागीर : हायरम लिओनार्ड

अमेरिकन साहित्याच्या पेपरला थोरो असतो, पण ‘वॉल्डन’पुरताच. मेन राज्याच्या जंगलांवरचं त्याचं पुस्तक सहसा कुणी उघडत नाही. मी उघडलं आणि थोरोला सोडून एका भलत्याच माणसात अडकले. १८५७ साली बँगोरहून मूसहेड तळ्याकडे जाणाऱ्या घोडागाडीत थोरोला एक शिकारी भेटला. दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ, अंगाने काही फार दणकट नाही. पण याच माणसाने त्या वसंतात, त्याच रस्त्यावर, पुराच्या बर्फगार पाण्यातून पोहत किनारा गाठला होता, तराफा बांधला होता आणि गाडीवानासकट प्रवाशांना वाचवलं होतं. पोहता येणारा दुसरा एक जण मात्र थंडीने गोठू नये म्हणून जवळच्या घरात निघून गेला होता!

हा शिकारी म्हणजे हायरम लिओनार्ड. जन्म १८३१, मेनमधलंच सेबेक गाव. शिकार, कातडी, बंदुका बनवणं आणि दुरुस्त करणं, हे त्याचे धंदे. बासरीही वाजवायचा. संगीताचा कान नसलेल्या माणसाला चांगली काठी बनवता येणार नाही असं तो मानायचा, असं सांगतात. मला हे पटतं, का ते पुढे येईलच.

चाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याने विकायला म्हणून एकही गळाची काठी बनवली नव्हती. १८७१ मध्ये त्याने ॲश आणि लान्सवूड या लाकडांची एक काठी स्वतःसाठी केली. ती बॉस्टनच्या ब्रॅडफर्ड अँड अँथनी या दुकानदारांच्या नजरेस पडली. त्यांनी विचारलं, चिरलेल्या बांबूची जमेल का? बंदूक दुरुस्त करणाऱ्याला असं विचारणं वेडेपणाचं वाटेल, पण त्याच्याआधी पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिपीने हेच केलं होतं, आणि तोही बंदुका नि व्हायोलिनं बनवायचा. लिओनार्ड हो म्हणाला.

आता काम काय ते समजून घेऊ. बांबूचा खरा जोर बाहेरच्या पातळ थरात असतो, आतला भाग भुसभुशीत. म्हणून बांबू उभा चिरायचा आणि प्रत्येक कामटी रंध्याने तासून तिला त्रिकोणी करायचं, साठ अंशांचा कोन ठेवून. अशा सहा कामट्या, कडक बाजू बाहेर ठेवून, सरसाने चिकटवल्या की षट्कोनी काठी होते. एका कामटीचं पेर दुसरीच्या पेराशेजारी येऊ द्यायचं नाही, नाहीतर काठी तिथेच मोडते. शिवाय प्रत्येक कामटी बुडाकडून शेंड्याकडे सारखी बारीक होत जायला हवी. एखादीत केसभर फरक पडला तरी फट राहते, आणि काठीचा बाकच बदलतो. कान म्हणाला तो याचसाठी असावा: काठी हलवली की चूक हाताला कळते.

गंमत म्हणजे हा बांबू आपल्याकडून जायचा. तिकडे त्याला ‘कलकत्ता’ बांबूच म्हणायचे. त्यावर भाजल्याचे काळे डाग असायचे, म्हणून एका बांबूतून सहा चांगल्या कामट्या निघणं नशिबाचं काम. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. कलकत्त्याचं नाव मासेमारीच्या इतिहासात असं येईल हे मला तरी माहीत नव्हतं.

हाताने तासून मागणी पुरी होईना, तेव्हा लिओनार्डने कामट्या कापायचं यंत्र उभारलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. त्याच्या कामगारांनाही आत प्रवेश नव्हता. काठीचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळीकडेही त्याने लक्ष दिलं. तिथून पाणी शिरून लाकूड कुजायचं, आणि नळीची कडा कडक असल्यामुळे काठी नेमकी तिथेच मोडायची. पाणी न शिरणाऱ्या नळीचं पेटंट १८७५ चं, आणि कडेला चिरा पाडून ती लवचिक करण्याचं १८७८ चं. माझ्या मते खरी हुशारी यंत्रात नाही, या चिरांत आहे.

माझे धाकटे मामा गरवायला जातात. त्यांच्या फायबरच्या जुन्या काठीच्या कड्या सुटल्या, तेव्हा नवी घेण्यापेक्षा हीच बांधू म्हणाले. या कामाला महागडं सामान लागत नाही. दोन खाचा पाडलेलं खोकं काठी ठेवायला, बारीक नायलॉनचा दोरा, धारदार ब्लेड. दोऱ्याला ताण हवा, म्हणून तो जाडजूड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्यायचा. आमच्याकडे त्यासाठी शब्दकोश कामी आला. वरून इपॉक्सीचा लेप दिला की तो सुकेपर्यंत काठी हळूहळू फिरवत राहावं लागतं, नाहीतर लेप ओघळून एका बाजूला गोळा होतो. पैसे घालायचेच तर चांगल्या कड्यांवर घाला; फिरवायची मोटर नंतर घेतली तरी चालते. कडीला बारीक चीर असेल तर ती दोरी कापते. आतून कापूस फिरवून बघायचा, अडकला तर कडी बाद.

लिओनार्ड १८८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीला गेला. धंद्यात न्यूयॉर्कचे व्यापारी विल्यम मिल्स आले आणि काठीवर बनवणाऱ्याच्या नावासोबत विकणाऱ्याचंही नाव कोरलं जाऊ लागलं. कुलूप लावून फारसं काही साधलं नाही. त्याच्या हाताखाली शिकलेले थॉमस, एडवर्ड्स आणि पेन बाहेर पडले आणि त्यांची नावं गुरूच्या तोडीची झाली. त्याच्या घरातल्या हॉज भावंडांनीही पुढे स्वतःच्या काठ्या केल्या. हे त्याला किती लागलं असेल याचा मी बराच विचार केला. यंत्र लपवता येतं; पण रोज शेजारी बसून काम करणाऱ्याच्या हातात जे उतरतं ते कुठल्या खोलीत ठेवणार?

१९०७ मध्ये तो गेला. त्याच्या नावाचा कारखाना त्यानंतरही कितीतरी दशकं बांबूच्या काठ्या बनवत राहिला, आणि त्याच्या हातच्या काठ्या आज संग्राहक जपून ठेवतात. त्यातल्या जुन्या काठ्यांवर कलकत्ता बांबूचे ते भाजलेले डाग अजून दिसतात.