कडांचे गणित मांडणारे रिचर्डसन

धरण किंवा बोगदा बांधण्यापूर्वी जमीन किती भार सोसेल, याचा अंदाज आज संगणक देतो. त्यासाठी जमिनीचा एक तुकडा गणितापुरता वेगळा काढावा लागतो आणि त्याच्या कडांवर काय घडते हे आधी ठरवावे लागते. कडेची अट चुकली की आतले उत्तरही फसते. संगणक नसलेल्या काळात या रीतीचा पाया घालणाऱ्यांत लुईस फ्राय रिचर्डसन अग्रभागी होते.

१८८१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे क्वेकर कुटुंबात जन्मलेले रिचर्डसन १९०६ च्या सुमारास पीटच्या उद्योगात रसायनतज्ज्ञ होते. पीट म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. वाळवून त्याचे जळण करतात. पाऊसमान पाहता पाण्याच्या निचऱ्यासाठी चर कसे खणावेत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. समीकरण ठाऊक होते, पण ते नेमके सुटे ते सुबक आकारांसाठीच. दलदलीला सुबक कडा कुठून असणार? त्यांनी आधी रेखाटनाचा आधार घेतला. पुढे क्षेत्राचे चौकोन पाडून साध्या अंकगणिताने जवळपासचे उत्तर काढण्याची रीत बसवली. १९१० मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याच रीतीने दगडी धरणातील ताण मोजले आहेत. आकडेमोडीला मुले नेमली होती. चुकलेली गणिते हिशेबात धरली जात नसत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने मात्र या कामावर फेलोशिप नाकारली.

पहिल्या महायुद्धात शस्त्र न धरता ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. त्या धामधुमीत त्यांनी २० मे १९१० च्या हवेचे गणित हाताने केले. सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने वाढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. हे अपयश त्यांनी १९२२ च्या ग्रंथात जसेच्या तसे छापले, आणि तोच ग्रंथ पुढे संगणकीय हवामान-अंदाजाचा आधार ठरला. हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाकडे गेल्याने त्यांनी १९२० मध्येच नोकरी सोडली होती.

उत्तरायुष्यात ते युद्धांची कारणे आकड्यांत शोधू लागले. देशांच्या सामायिक सीमांची लांबी तपासताना विसंगती दिसली: स्पेन-पोर्तुगाल सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, दुसरीत १२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितकी वाकडी सीमा अधिक लांब भरते, हे त्यांनी दाखवले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. हा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.