केजीएफमध्ये ज्याच्यामुळे वीज आली, त्या दिवाणाला तो दिवस बघताच आला नाही

केजीएफ पिक्चर आला तेव्हा माजिवड्यापासून मंगळुरूपर्यंतची थिएटरं शिट्ट्यांनी दणाणली. त्यातला रॉकी भाई काल्पनिक, पण कोलार गोल्ड फील्ड्स खरीखुरी. आणि तिथलं उत्पादन वाढवण्यात मोठा वाटा होता एका सरकारी नोकराचा. नाव, के. शेषाद्री अय्यर.

त्यांचा जन्म १८४५ मध्ये पालघाटजवळ झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन १८६८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात नोकरीला लागले आणि १८८३ मध्ये थेट दिवाण झाले.

कोलार हा एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतला मुलूख. १८८० पासून इथल्या खाणींचा कारभार लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीकडे आला. सोनं कंपन्यांचं, संस्थानाला फक्त ५ टक्के रॉयल्टी. म्हणजे सोनं जितकं जास्त निघेल, तितकीच तिजोरीत भर.

पण खाणी खोल जात होत्या. पाणी उपसायला, दगड वर आणायला, त्याचा चुरा करायला वाफेची इंजिनं लागायची. त्यासाठीचा कोळसा लांबून यायचा. खर्च वाढला की कमी सोन्याचा दगड काढणं परवडायचं नाही.

यावर तोडगा सुचवला संस्थानातले इंजिनिअर जॉली द लॉटबिनियर यांनी. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर कावेरीच्या पाण्यातून वीज बनवायची आणि ती कोलारला विकायची. अंतर तब्बल १४७ किलोमीटर! इतक्या लांब वीज नेणाऱ्या लाइनी तेव्हा जगात मोजक्याच होत्या. योजना फसली असती तर संस्थानाचा पैसा बुडाला असता. तरी अय्यर ठामपणे मागे उभे राहिले.

काम सुरू झालं, पण अय्यर यांची तब्येत ढासळली. १९०१ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

जेमतेम नऊ महिन्यांनी, ३० जून १९०२ ला, कोलारला वीज पोहोचली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. त्याच १९०५ मध्ये कोलारच्या खाणींतून सुमारे १९ टन सोनं निघालं. हा आकडा पुन्हा कधी गाठता आला नाही.

पुढे दगडातलं सोनं कमी होत गेलं. २००१ मध्ये खाणी बंद पडल्या. तोवर १२० वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं होतं.

खाणी थंडावल्या, पण शिवनसमुद्रला वीज आजही बनते. आणि बेंगळुरूच्या कब्बन पार्कात अय्यर यांचा पुतळा उभा आहे.