अंगणातली शाळा आणि रोजचा क्रम

अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे या गोष्टी आरोग्याच्या आणि गाणी, गोष्टी, मोजणी या शिक्षणाच्या, अशी विभागणी मोठी माणसे करतात. अनुताई वाघ यांनी ती मानली नाही. लहान मुलाचे शिक्षण त्याच्या रोजच्या दिनक्रमातच सुरू होते, हे त्यांनी आयुष्यभर काम करून दाखवले.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. अशा मुलीचे पुढचे आयुष्य त्या काळी माजघरातच संपायचे. अनुताई मात्र शिकून शिक्षिका झाल्या. नोकरीची सुरुवातीची वर्षे त्यांनी नाशिक जिल्ह्यात चांदवड भागात काढली, मग पुण्याच्या हुजूरपागेत. १९४५ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, स्थिर नोकरी सोडून त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या.

तिथे बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्त्यांतली मुले येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रूढ झाला आणि पुढे १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतही तो आला.

अंगणातल्या या शाळेचा दिवस स्वच्छतेने सुरू व्हायचा. हातपाय धुणे, अंघोळ, नखे, वेणीफणी आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले वापरून मुले मोजायला, जुळवायला शिकत. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला घेऊनच शाळेत येऊ लागली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांचा दिनक्रम मोडण्याऐवजी शाळाच त्यात बसवली गेली.

यामागचे कारण साधे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. हात धुतले की जेवण, जेवण झाले की गोष्ट, गोष्टीनंतर झोप. यातूनच त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ उमगते. पुढे काय होणार हे ठाऊक असले की मूल शांत राहते आणि त्याचे लक्ष नव्या शब्दाकडे, नव्या खेळाकडे वळते. हात धुण्याच्या सवयीने जुलाब कमी होतात आणि आजारपणात वाया जाणारे दिवस वाचतात.

ताराबाईंच्या निधनानंतर, १९७३ पासून, संस्थेची धुरा अनुताईंनी वाहिली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

सुरगाणा, पेठकडची कुटुंबे आजही हंगामात द्राक्षबागांच्या कामाला निफाड, दिंडोरीकडे उतरतात. गाव बदलले की मुलाचे जेवण, झोप, अंगणवाडी सारेच विस्कटते. शहरातल्या घरात हेच काम रात्री उशिरापर्यंत चालणारा मोबाईल करतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते. झोपेची ठरलेली वेळ, जेवणाआधी हात धुणे, एक जेवण सर्वांनी मिळून आणि निजताना एक गोष्ट, एवढे बहुतेक घरांना जमण्यासारखे आहे. त्याला पैसे लागत नाहीत. रोज न चुकता करावे मात्र लागते.