डाल्टनचे डोळे

जॉन डाल्टन हे नाव आपल्याला शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात भेटते. अणुसिद्धान्त मांडणारा शास्त्रज्ञ, एवढीच ओळख. परीक्षा संपली, की पुस्तकाबरोबर तोही रद्दीत जातो. पण या माणसाने स्वतःच्या डोळ्यांतल्या उणिवेचा जो अभ्यास केला आणि मृत्यूनंतरही तो पुढे चालेल अशी व्यवस्था केली, ती हकिगत घरातल्या सर्वांनी ऐकावी अशी आहे.

डाल्टनचा जन्म १७६६ चा, उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. वडील विणकर, घराणे साध्या राहणीच्या क्वेकर पंथाचे. वयाच्या बाराव्या वर्षीच तो मुलांना शिकवू लागला आणि पुढे बहुतेक आयुष्य त्याने शिकवण्या करूनच काढले. लग्न केले नाही. १७८७ पासून हवामानाची रोजनिशी लिहायला बसला, ती अखेरपर्यंत.

इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या माणसाला आपली नजर वेगळी आहे हे मात्र २६ व्या वर्षापर्यंत उमगले नव्हते. लोक रंगांची नावे घेताना घोटाळा करतात, असेच त्याला वाटे. १७९२ मध्ये एकदा त्याने जिरॅनियमचे गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा त्याला आकाशी दिसणारे ते फूल आता लाल दिसत होते! त्याने मित्रांना विचारले. त्यांना रंगात विशेष फरक दिसेना. त्याच्यासारखे दिसत होते ते फक्त त्याच्या सख्ख्या भावाला.

दुसरा कोणी असता तर ही गोष्ट लपवून बसला असता. डाल्टनने ती वहीत मांडली. लाखेची लाल कांडी आणि झाडाचे हिरवे पान आपल्याला जवळपास एकाच रंगाचे दिसते, रक्त बाटलीच्या काचेसारखे हिरवट दिसते, हे त्याने प्रांजळपणे लिहिले. वर्गात चौकशी केली, तेव्हा २५ विद्यार्थ्यांत दोघे त्याच्यासारखेच निघाले. ही उणीव असलेली एकही स्त्री आपल्या ऐकिवात नाही, हेही त्याने नोंदवले. मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाचा सभासद झाल्यावर महिनाभरातच, ऑक्टोबर १७९४ मध्ये, त्याने तिथे हा निबंध वाचला. रंगांधत्वावरचा तो पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो. युरोपातल्या अनेक भाषांत या उणिवेला आजही त्याच्या नावाने ओळखतात.

कारण मात्र त्याने चुकीचे शोधले. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा आणि तो तांबडे किरण शोषून घेत असावा, असा त्याचा तर्क होता. तो खरा की खोटा हे जिवंतपणी कळणे अशक्य. म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले. जुलै १८४४ मध्ये तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर रॅन्सम यांनी एका डोळ्यातला द्रव काचेच्या बशीत काढला. तो पाण्यासारखा नितळ होता! दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग थोडा कापून त्यातून लाल व हिरव्या वस्तू पाहिल्या. रंग होते तसेच दिसले. ५० वर्षे जपलेला तर्क तिथेच कोसळला.

पण डोळ्यांचे अवशेष कोणी टाकून दिले नाहीत. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्या मंडळाची इमारत गेली, डाल्टनची कितीतरी कागदपत्रे गेली. डोळ्यांचे अवशेष मात्र वाचले. १९९५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्यांतून डीएनए मिळवला आणि खरे कारण हाती आले. दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी हिरव्या पट्ट्यातल्या प्रकाशाला दाद देणारे रंगद्रव्य ज्या जनुकामुळे तयार होते, तेच डाल्टनजवळ नव्हते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाजवळ ते गुणसूत्र एकच, म्हणून ही उणीव मुलांत जास्त आणि मुलींत क्वचित. डाल्टनच्या वहीतली नोंद अशी खरी ठरली.

उपचाराचे काय? २००९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जन्मतः रंगांध असलेल्या दोन माकडांच्या डोळ्यांत उणे असलेले जनुक सोडले. काही महिन्यांत त्यांना लाल-हिरवा भेद कळू लागला. त्यांतल्या एका माकडाचे नाव डाल्टन ठेवले होते. माणसांसाठी मात्र असा उपचार अजून नेहमीच्या वापरात आलेला नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. चित्रकलेच्या तासाला झाडाची पाने तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला रागावण्याआधी, त्याला काय दिसते ते विचारावे. ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखण्याची साधी चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होते. आज ती झाली, तर रेल्वेच्या भरतीत ऐन वेळी होणारी निराशा टळते. डाल्टनला विचारणारे कोणी नव्हते. त्याने स्वतःच स्वतःला विचारले, आणि उत्तर चुकीचे निघाले तर ते खोडायची सोयही करून ठेवली.