सरफोजीराजे आणि रामेश्वराची वाट

तमिळनाडूत तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे 13 किलोमीटरांवर तिरुवैयारु हे कावेरीकाठचे गाव आहे. तमिळ भाषेत ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांवरून गावाला हे नाव पडले. आज तंजावरहून निघालेली बस वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी ही पाच पात्रे पुलांवरून ओलांडते आणि थोड्याच वेळात तिरुवैयारुला पोहोचते. दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रवास पायी करणाऱ्या माणसाचा दिवस त्यात सरत असे. नदीला पाणी चढले, की उतारावर थांबून राहावे लागे. अशा वेळी निजायचे कोठे, खायचे काय आणि आजारी पडल्यास औषध कोण देणार, हे प्रश्न प्रवाशापुढे उभे राहत.

त्या काळी या मुलखातून जाणाऱ्यांत यात्रेकरू पुष्कळ असत. काशीची गंगा रामेश्वरास न्यावी आणि सेतूची वाळू काशीस आणावी, ही आपल्याकडील जुनी प्रथा तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. उत्तरेकडून येणारी माणसे कोल्लिडम व कावेरी ओलांडून तंजावरच्या प्रदेशात येत आणि तेथून दक्षिणेकडे समुद्रकाठच्या वाटेला लागत. तंजावरपासून रामेश्वर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. या वाटेची काळजी वाहणाऱ्या एका मराठी राजाची ही कथा आहे. या राजाच्या हातून राज्य गेले होते, तरी वाटेवरच्या माणसाचा भार त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

तंजावरात भोसल्यांचे राज्य कसे आले, हे थोडक्यात सांगावयास हवे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे आपली गादी स्थापन केली. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षे त्यांचे वंशज तेथे नांदले. राजवाड्यात मराठी, प्रजेच्या तोंडी तमिळ, संगीतात तेलुगू आणि पंडितांच्या सभेत संस्कृत अशी चार भाषांची वसती तेथे होती.

सरफोजीराजे दुसरे यांचा जन्म 1777 साली भोसले कुळाच्याच दुसऱ्या एका शाखेत झाला. तंजावरचे तुळजाराजे यांना वारस नव्हता. त्यांनी 1787 मध्ये या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाला मुलाकडे लक्ष देण्याची विनंती केली होती. इंग्रजांच्या कंपनीने मात्र हे दत्तकविधान सदोष ठरवले आणि तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांस गादीवर बसवले. दत्तक मुलाच्या वाट्याला बंदिवासासारखे दिवस आले. श्वार्ट्झ यांनी खटपट करून 1793 मध्ये त्याला मद्रासला नेले. तेथे त्याचे शिक्षण झाले आणि युरोपातील नव्या विद्यांशी त्याचा परिचय झाला. पुढे कंपनीने आपला निर्णय फिरवला आणि जून 1798 मध्ये सरफोजीराजे गादीवर बसले. ज्याने त्यांना वाढवले, तो गुरू त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता.

राजेपद मिळाले, परंतु राज्य टिकले नाही. ऑक्टोबर 1799 मध्ये कंपनीशी तह झाला. त्यान्वये मुलूख आणि त्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांना दरसाल एक लाख पॅगोडा, म्हणजे त्या काळची दक्षिणेतील सोन्याची नाणी, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. त्यांचा अंमल तंजावरचा किल्ला आणि त्याच्या भोवतालचा परिसर एवढ्यापुरता उरला. राजे त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते.

या तहाचा अर्थ रस्त्याच्या दृष्टीने काय झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. किल्ल्याच्या आतील रस्ते, गटारे आणि तळी राजांच्या हाती. तटापलीकडे गेलेली वाट कंपनीच्या कलेक्टराच्या हाती. तिरुवैयारुला जाणारा माणूस एका अमलातून निघे आणि पुढच्या सगळ्या नद्या दुसऱ्याच अमलात ओलांडी. वाटेला मात्र हद्दी ठाऊक नसतात. एका टोकाचा निर्णय एकाने आणि दुसऱ्या टोकाचा निर्णय दुसऱ्याने घेतला, तर मध्ये चालणाऱ्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला.

आजच्या मोठ्या शहरांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात सोडवावा लागतो. मुंबईचेच उदाहरण घ्या. तेथील बहुतेक रस्ते महानगरपालिकेचे, बसगाड्या बेस्टच्या, लोकलगाड्या भारतीय रेल्वेच्या आणि साऱ्या महानगर प्रदेशाचे नियोजन 1975 मध्ये स्थापन झालेल्या वेगळ्या प्राधिकरणाचे. प्रवासी मात्र एकच असतो आणि एकाच सकाळी तो या साऱ्यांच्या हाताखालून जातो. म्हणूनच 2006 च्या राष्ट्रीय शहरी परिवहन धोरणाने मोठ्या शहरांत वाहतुकीचा विचार एकत्रितपणे करणारी संस्था असावी, असे सुचवले. तमिळनाडूने चेन्नईसाठी तसा कायदा 2010 मध्ये केला. लंडन शहराने रस्ते, बस आणि भुयारी रेल्वे यांचा मेळ घालणारी संस्था 2000 साली उभारली. सरफोजीराजांसमोर असा कोणताही नमुना नव्हता. त्यांच्याजवळ पूर्वजांनी दिलेली एक व्यवस्था होती. तिचे नाव छत्र.

‘अन्नछत्र’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. तमिळ मुलखातील ‘छत्रम्’ हे त्याचेच भावंड. पण तेथे नुसते जेवण मिळत नसे. वाटेवर ठरावीक अंतराने बांधलेली ती मोठी विश्रामस्थाने असत. तंजावरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात रामेश्वराच्या मार्गावर अशी अनेक छत्रे उभारली आणि त्यांतील बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र त्यांपैकीच एक. प्रत्येक छत्राचा खर्च चालावा म्हणून गावे व जमिनी नेमून दिलेल्या असत. त्यांच्या उत्पन्नातून तांदूळ, डाळ, मीठ, सरपण, औषधे आणि नोकरांचे पगार भागत. राजा बदलला तरी चूल विझू नये, असा त्यामागील विचार असावा.

कंपनीने मुलूख घेतला तेव्हा या गावांचे काय होणार, ही चिंता राजांना लागली. वसूल कंपनीच्या खजिन्यात गेला असता, तर छत्रे आपोआप बंद पडली असती. कंपनीचे रेसिडेंट म्हणून तंजावरात काम केलेले बेंजामिन टोरीन यांना राजांनी 1801 साली एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहावा, अशी विनंती त्यात होती. आपला मान, नजराणा किंवा फौज यांसाठी राजे अनेकदा पत्रे लिहितात. या राजाने आपल्या पदाचे भूषण म्हणून स्वयंपाकघरे मागितली.

छत्रात काय चालते, याचा तपशील राजांनी त्या पत्रात दिला. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येईल त्या प्रवाशाला भात मिळे. शिजवलेले अन्न न घेणाऱ्यास कोरडा शिधा आणि मसाला देत. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास यावे, अशी हाक देत. आजारी प्रवाशाला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. छत्रात वैद्य असत. सूज उतरवणारे आणि विषारी प्राण्यांच्या दंशावर उपाय जाणणारेही असत. गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाई, तान्ह्या मुलांना दूध मिळे. कोणी वाटेतच मरण पावले, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होई. त्याची पोरकी मुले छत्रातील शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणे, इतक्या बारकाव्यापर्यंत नियम होते. शिवाय वेद शिकवणारे आणि लिहिणे-वाचणे शिकवणारे गुरुजी तेथे असत.

या व्यवस्थेला आजच्या समतेच्या मापाने मोजता येणार नाही. जातीचे भेद तेथेही पाळले जात. तरीही दाराशी आलेल्या कोणालाही उपाशी परत पाठवायचे नाही, हा नियम साऱ्यांसाठी एकच होता, आणि त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. मध्यरात्रीची ती घंटा विशेष वाटते. उशिरा पोहोचणारा बहुधा सर्वांत थकलेला असतो, कदाचित सर्वांत गरीबही. त्याचा विचार करून नियम बांधणाऱ्याला वाटेचा अनुभव असला पाहिजे.

छत्रांचा कारभार राजांकडे राहिला. एवढेच नव्हे, तर त्यांनी त्यात भर घातली. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे 1802 च्या सुमारास त्यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. मुक्तांबाळ ही राजांची प्रिय स्त्री. मरतेसमयी तिने आपल्या नावाने एक छत्र व्हावे अशी इच्छा व्यक्त केली, असे लोकपरंपरा सांगते. त्या छत्रामुळे गावालाही मुक्तांबाळपुरम असे नाव मिळाले आणि प्रवाशांच्या निवाऱ्याबरोबर तेथे मोठी शाळा चालू लागली.

किल्ल्याच्या आत राजांना जो अधिकार होता, तो त्यांनी शहरासाठी वापरला. पाण्याची तळी, विहिरी आणि सांडपाणी वाहून नेणारी गटारे यांकडे त्यांनी लक्ष पुरवले. 1805 च्या सुमारास त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला. त्यातून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. खुद्द महाराष्ट्रात छापील मराठी पुस्तके अजून रुळली नव्हती, तेव्हा कावेरीच्या खोऱ्यात मुलांच्या हाती असे पुस्तक पडत होते. सरस्वती महाल ग्रंथालय, धन्वंतरी महाल हे औषधालय, नेत्ररोगांच्या सचित्र नोंदी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा येथे केवळ उल्लेख करून पुढे जाऊ. पण राजांनी रचलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आपल्या विषयाला जवळचे आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी स्त्री. या नाटकात ती जगाचा भूगोल सांगते. शाळेत भूगोल शिकवायचा, तर तो भटक्या बाईच्या तोंडून शिकवावा, असे सुचणे हे राजांचे वैशिष्ट्य.

ते स्वतःही यात्रेकरू झाले. 1820 च्या सुमारास सुमारे 3000 माणसांचा लवाजमा घेऊन ते काशीस निघाले. ही यात्रा दीर्घकाळ चालली. जेथे मुक्काम पडे, तेथे दानधर्म होई. काशीहून त्यांनी हस्तलिखिते आणली, गंगेच्या घाटांची चित्रे काढवून घेतली. ज्या वाटेवर त्यांनी इतरांसाठी छत्रे राखली होती, तिचे दुसरे टोक त्यांनी असे प्रत्यक्ष पाहिले.

राजांच्या चरित्राची दुसरी बाजू झाकण्याचे कारण नाही. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी 1814 च्या सुमारास समुद्रकाठी ‘मनोरा’ नावाची उंच इमारत बांधली. परक्या सत्तेच्या विजयाचा हा उत्सव आज आपल्याला खटकतो. पण ज्यांच्या मर्जीवर आपली गादी आणि छत्रांची गावे अवलंबून आहेत, त्यांच्याशी वैर धरणे त्यांना परवडणारे नव्हते. त्याच राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत, दगडावर कोरवून ठेवला. आपण कोण होतो, हे ते विसरले नव्हते.

मार्च 1832 मध्ये सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 मध्ये पुत्रसंतानावाचून वारले आणि तंजावरची गादी खालसा झाली. शहराला 1866 मध्ये नगरपालिका मिळाली. तिरुवैयारुत त्याच काळात राहिलेले संत त्यागराज 1847 मध्ये समाधिस्थ झाले. त्यांच्या आराधनेसाठी आजही दरवर्षी हजारो माणसे ती पाच पात्रे ओलांडून तेथे जातात.

दरम्यान प्रवासच बदलला. नागपट्टणमहून निघालेली रेल्वे 1861 मध्ये तंजावरला आली आणि 1914 मध्ये पांबनच्या खाडीवर पूल होऊन आगगाडी थेट रामेश्वर बेटावर जाऊ लागली. महिनोन्‌महिने चालणारा यात्रेकरू काही तासांत पोहोचू लागला. वाटेवरची छत्रे ओस पडत गेली. ओरत्तनाडूच्या छत्राची इमारत पुढे शाळेच्या आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कामी आली. छत्रांचे जमाखर्च राजवाड्याच्या मोडी दप्तरांत लिहिलेले आहेत. ती दप्तरे तंजावरात जपून ठेवली असून, मोडी वाचणारे अभ्यासक त्यांची पाने अजून उलगडीत आहेत.